ओस घरांची ओढ

माणसाला एखादे तरी बिनखर्चाचे वेड असावे, असे माझे मत आहे. कुणी काडेपेटीवरची चित्रे जमवतो, कुणी आगगाड्यांची वेळापत्रके पाठ करतो. माझे वेड त्याहूनही स्वस्त आहे. रस्त्याने जाताना पडके घर दिसले की मी थांबतो. फाटकाला गंजलेले कुलूप, कुंपणावर घाणेरीचे रान, छप्पर एका बाजूने खचलेले आणि आतून पारव्यांचे घुमणे ऐकू येत असले, की माझे पाऊल पुढे म्हणून पडत नाही. आमच्या सौभाग्यवतींचे यावर एक ठरलेले वाक्य आहे. "कुणाच्या वास्तुशांतीला चला म्हटले की यांचे गुडघे दुखतात, आणि पडक्या घराच्या चौकशीला मात्र चिखल तुडवीत जातील!"

आता तुम्हीच सांगा, नव्या घरात पाहण्यासारखे असते काय? यजमान आपल्याला खोल्या-खोल्यांतून फिरवतात, फरशीचा भाव सांगतात, स्वयंपाकघरातले कप्पे उघडून मिटून दाखवतात. आपण "वा, वा" म्हणतो आणि चहा पिऊन परत येतो. त्यांनी जे दाखवायचे ठरवलेले असते तेवढेच आपण पाहतो. पाहुण्याला ओटीच्या पुढे मज्जाव, हा जुना रिवाज आजच्या सदनिकांतूनही सुटलेला नाही.

पडक्या घराचे तसे नसते. त्याची पुढची भिंतच गेलेली असते आणि माजघर सरळ रस्त्याला दिसत असते. एक कोनाडा काजळीने काळा झालेला दिसतो, म्हणजे दिवा तिथे ठेवीत असत. एका खुंटीखाली भिंतीला तेलकट डाग दिसतो, म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी तिथे पाठ टेकून बसत असे. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा असतात. मुलांची उंची दर पाडव्याला मोजलेली असते, आणि एका मुलाच्या रेघा मध्येच थांबलेल्या असतात. ते शिकायला परगावी गेले, की आणखी काही झाले? दहा वेळा चहाला जाऊन जे कळले नसते ते त्या चौकटीपाशी पाच मिनिटांत कळते.

माणसांचेही असेच असते. कचेरीतला एखादा सहकारी वीस वर्षे आपल्याला "काय, बरे आहे ना?" यापलीकडे काही बोललेला नसतो. मग त्याच्यावर कसला तरी घाला पडतो, आणि एके संध्याकाळी गाडीची वाट पाहता पाहता त्याची पुढची भिंत ढासळते. आतले सगळे दिसू लागते आणि आपण संकोचाने दुसरीकडे पाहू लागतो. घराच्या बाबतीत नजर वळवावी लागत नाही. माझ्या वेडाचे निम्मे कारण हेच असावे.

हे वेड माझे एकट्याचे नाही, एवढे समाधान आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातले जमीनदार आपल्या नव्या बागांत मुद्दाम पडके मनोरे बांधून घेत. चांगल्या दगडाची भिंत अर्धी उभारायची, वरून तुटल्यासारखी दाखवायची आणि तिच्यावर वेल सोडायची. आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यात काय मोठे? आमच्या बिल्डरने पाच वर्षांत आपोआप करून दाखवले!"

आपल्याकडे खऱ्या पडक्या वास्तूंचीच इतकी रेलचेल आहे, की खोट्या बांधण्याची गरज कधी पडली नाही. रायगडावरचे वाडे मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी पेटले. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला आणि मागे तट नि जोती तेवढी उरली. आज लोक मुलाबाळांना घेऊन तिथे जातात, जोत्यावर बसून शेंगा खातात, "इथे कारंजे होते" म्हणून बोट दाखवतात. यात गैर काही नाही. दोनशे वर्षांत दुःख निवते आणि दगड बसण्याजोगे होतात.

पण सगळीच ओस घरे इतकी निवलेली नसतात. न निवलेले एक घर माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. ते लोधिवलीला आहे, माझ्या आजोळी.

लोधिवली हे खालापूर तालुक्यातले गाव. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावर, चौकच्या शेजारी. अंगणात उभे राहिले की प्रबळगडाचे लांबलचक पठार दिसते, आणि त्याच्या अलीकडे इर्शाळगडाचा सुळका, आरपार नेढे पडलेला. मामांच्या घराचे तोंड या डोंगरांकडेच आहे. घर साधे, शेतकऱ्याचे. पुढे ओटी, मग माजघर, बाजूला देवाची खोली, मागे पडवी आणि परसात विहीर. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मंगळुरी कौले. आजोबा होते तोवर दर वैशाखात घर शाकारले जाई. गडी वर चढून सगळी कौले चाळीत, फुटकी काढून नवी बसवीत, कुजलेल्या रिपा बदलीत. दोन दिवसांचे काम. आम्हा मुलांना खाली उभे राहून कौले हातोहात देण्याचा मान मिळे.

घर कसे पडते, हे मी तिथे पाहिले. लोकांना वाटते की घर म्हातारे होते आणि कोसळते. तसे मुळीच नाही. एखाद्या दुपारी छपरावरून वानरे धावतात आणि एक कौल सरकते, बस्स, एवढेच होते. आमच्या या पट्ट्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या बोटभर फटीतून पाणी रिपेवर उतरते. दुसऱ्या वर्षी रीप कुजते, तिच्यावरची चार कौले खाली येतात. तिसऱ्या वर्षी वासा भिजतो. वाशावरून पाणी भिंतीच्या माथ्याला पोचले की मग देव वाली. मातीची भिंत कोरडी असेल तर शंभर वर्षे हलत नाही, पण माथ्यातून पाणी प्यायली की दोन पावसाळ्यांत बसते. भेगेत पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पुढचे काम पिंपळ करतो, आणि त्याला सुटी नसते.

वाळवीचेही तसेच. घरात चूल पेटत होती तेव्हा धुराने वासे काळे होत, आणि त्या धुरानेच कीड दूर राहत असे. जमीन सारवायला रोज कुणीतरी वाकत असे, तेव्हा भोक पडले की त्याच दिवशी दिसे. दार उघडे असले की वारा खेळतो, ओल धरत नाही. घराला माणसाची ऊब लागते, असे आपल्या आज्या म्हणत. त्याला आपण काव्य समजतो, पण तो चोख व्यवहार आहे. चूल, केरसुणी आणि उघडे दार या तिघांनी घर उभे असते. खांब आपले नावाला.

आता या घराचे पहिले कौल कोणत्या वर्षी सरकले, ते मला ठाऊक आहे. आजोबा गेल्यावर शाकारणीचा खर्च दोघा मामांनी निम्मा निम्मा करायचा, असे ठरले होते. थोरले मामा दादरला, धाकटे पुण्याला. दोघेही नोकरदार, दोघेही पापभीरू. एका वर्षी धाकट्या मामांची मनिऑर्डर उशिरा आली. थोरल्यांनी पोस्टकार्ड टाकले. पाकिटातून लिहिले असते तर कदाचित एवढे झाले नसते. पण कार्ड पडले उघडे, ते पोस्टमनने वाचले, शेजारणीने वाचले, मग मामीच्या हाती आले. "ज्याला जमत नसेल त्याने तसे कळवावे," एवढेच वाक्य त्यात होते. धाकट्यांनी तसे कळवले नाही आणि पुढच्या वर्षी पैसेही पाठवले नाहीत. थोरल्यांनी आपल्या वाट्यात अर्धेच छप्पर शाकारून घेतले, आणि तेही नेमके आपल्या बाजूचे! त्यानंतर कुणीच काही केले नाही. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो. लोधिवलीत आधी वासे फिरले, की आधी घर फिरले, हे सांगणे कठीण आहे. दोन्हीकडे एकच पाणी उतरत होते.

भांडण म्हणावे असे दोघांत कधी झाले नाही. मोठे भांडण झाले असते तर कुणीतरी मध्ये पडून मिटवले असते. एका लग्नाची पत्रिका आली नाही. एका आजारपणाची बातमी तिसऱ्याकडून कळली. सगळी कौलाकौलाने गळती. घरपट्टीच्या उताऱ्यावर आजही आजोबांचेच नाव आहे. वारसांची नावे लावायची तर सगळ्यांनी एका टेबलाशी बसून सह्या करायला हव्यात. बसणार कोण? महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, कुलूप लावलेल्या दहा घरांपैकी बऱ्याच घरांची गोष्ट अशीच निघेल. तिथे भूत नसते, वारस असतात.

तरी पूर्वी एक सोय होती. मुंबईहून पुण्याला जायचे तर लोधिवलीवरून जावेच लागे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली, तेव्हापासूनची ही वाट. मामा एस.टी.त खिडकीशी बसत, आणि गाव आले की मान त्या बाजूला वळे. थोरल्यांचे असे होई आणि धाकट्यांचेही. घर सावकाश खचते आहे, हे दोघांनाही दिसत होते. मग द्रुतगती मार्ग आला. २००० सालापासून तो टप्प्याटप्प्याने खुला होत गेला आणि २००२ मध्ये पूर्ण झाला. तासा-दीड तासाचा प्रवास वाचला, अपघाती वळणे चुकली, सगळे चांगलेच झाले. फक्त लोधिवली पाहण्याचे कारण उरले नाही. न पाहता पुण्याला जाता येऊ लागले, आणि न पाहिलेल्या गोष्टीचा राग टिकवायला सोपा जातो.

त्याच घाटात खंडाळ्याजवळ १८३० चाच एक दगडी पूल होता. त्यावर वेदनाशामक मलमाची जाहिरात असे म्हणून तो अमृतांजन पूल. त्याचे काम कधीच संपलेले होते. खालून मोटारी जात आणि त्याचे खांब त्यांच्या वाटेत येत. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीने रस्ता रिकामा होता त्या दिवसांत, तो सुरुंगाने पाडला. ती बातमी वाचून हळहळलेले कितीतरी लोक मला भेटले. त्या पुलावर पाय ठेवलेला त्यांत एकही नव्हता! खालून जाताना पोरांना "बघा, अमृतांजन पूल आला" असे सांगण्यापुरताच त्यांचा त्याच्याशी संबंध. पण थोरल्या मामांनीही त्या दिवशी मला फोन करून हळहळ व्यक्त केली, तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी म्हटले, "मामा, पूल दोनशे वर्षांचा होता. तुमचे घर अजून उभे आहे." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी आमच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली.

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या मामीला घेऊन मी लोधिवलीला गेलो होतो. मामी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. या घरात ती नवी नवरी म्हणून आली आणि पुण्याला बिऱ्हाड होईपर्यंत आठ वर्षे इथे राहिली. विहिरीच्या कठड्याशी बसून ती डबा उघडत होती, एवढ्यात दोन तरुण मुले अंगणात आली. पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे. "काका, आत जाऊ का? काय सुंदर आहे हो हे!" मुले सभ्य होती. त्यांच्या वयात मी विचारीतही नसे. मी हो म्हटले. ती पडक्या भिंतीवरून आत शिरली, उजेड कुठून पडतो ते पाहू लागली. मामीने डबा मिटला आणि बसल्या जागेवरून हाक मारली, "अरे बाळांनो, ती देवाची खोली आहे. चपला काढून जा."

त्या खोलीला छप्पर नव्हते. आत गुडघाभर तरवड माजला होता. देव कधीच पुण्याला नेलेले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मुकाट्याने गवतात बुटांचे बंद सोडू लागली. ती जागा त्यांना सुंदर पडझड वाटत होती, आणि मला म्हणाल तर आठवण. मामीला ती देवाची खोली होती. सध्या जरा नीट नाही, एवढेच.

डब्यातल्या वड्या खाताना त्यांतल्या एकाने मला आपल्या फोनवर चित्रे दाखवली. युक्रेनमधले प्रिप्यात. शेजारच्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि २७ एप्रिल १९८६ रोजी सुमारे पन्नास हजार माणसांचे हे शहर एका दुपारी रिकामे केले. लोकांना सांगितले होते की तीन दिवसांसाठीच निघा. म्हणून कुणी काही आवरले नाही. शाळेत वह्या उघड्या राहिल्या, बाळांच्या खाटा तशाच. युद्ध पेटण्यापूर्वी परदेशी प्रवासी बसमधून ते शहर बघायला जात असत. मुलाने हे सगळे मोठ्या आस्थेने सांगितले. मग डोंगराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "इर्शाळवाडीतली उरलेली घरे बघता येतात का हो, काकू?"

मामीने वडी खाली ठेवली. "तिथली एक बाई वैशाखात करवंदांची पाटी घेऊन यायची आमच्याकडे," ती म्हणाली. "याच ओटीवर बसून पाणी प्यायची. आता आहे की नाही, मला माहीत नाही. कुणाला विचारू?"

इर्शाळवाडी ही गडाच्या कुशीतली ठाकरांची वस्ती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, पायवाट तेवढी. १९ जुलै २०२३ च्या रात्री, साडेदहा-अकराच्या सुमारास, मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर आला. सव्वादोनशेच्या आसपास माणसे तिथे राहत होती. यंत्रे वर चढेनात, हवेमुळे हेलिकॉप्टर उडेना. जवानांनी आणि गावकऱ्यांनी चिखलातून चढून जाऊन हातांनी ढिगारा उपसला. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. ते ५७ जण तिथेच आहेत. आश्रमशाळेत राहणारी काही मुले त्या रात्री घरी नव्हती म्हणून वाचली. वाचलेल्यांना आधी चौकजवळ पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांत ठेवले, पुढे सिडकोने त्यांच्यासाठी ४४ घरे बांधली.

वस्तीतली सगळीच घरे गाडली गेली नव्हती. काही तशीच उभी होती, चूल, भांडी, दोरीवरचे कपडे यांसकट. पण तिथे परत राहणार कोण? शोध थांबल्यावर लोकांनी तिकडे जाऊ नये म्हणून सरकारला मनाईहुकूम काढावा लागला. म्हणजे जाणारे होते. माझ्यासारखेच असतील. पडके घर दिसले की पाय थांबणारे, कुणाचे वाईट न चिंतणारे, हळहळणारे.

त्या मुलाला मी काही उपदेश केला नाही. "जाऊ नकोस" एवढेच म्हटले. त्याने कारण विचारले नाही. मामीच्या पायाशी वाकून दोघे निघून गेले. जाताना त्यांतल्या एकाने देवाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पडलेले एक कौल उचलून भिंतीला नीट टेकवून ठेवले.

पुढची हकीकत अशी. थोरल्या मामांचा मुलगा व्यवहारी आहे. त्याचे म्हणणे, उरलेली कौले आणि सागाचे वासे आताच उतरवून घ्यावेत, नाहीतर येत्या दोन-तीन पावसाळ्यांत सगळे मातीत जाईल. बोलणे रास्त आहे, पण त्याला दोघांची संमती हवी. म्हणून नवरात्रात मामीने आपण होऊन दादरला फोन लावला आणि फोन धाकट्या मामांच्या हातात दिला. थोरल्यांचे वय चौऱ्याऐंशी, धाकट्यांचे ऐंशी. किती वर्षांनी बोलत होते, ते कुणी मोजलेले नाही. मी पुण्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. प्रकृतीची चौकशी दोघांपैकी कुणीही केली नाही.

"कौले किती निघतील?" पलीकडून विचारणा झाली.

"बाबांनी अठराशे आणली होती."

"अठराशे नव्हे, दोन हजार. पनवेलहून बैलगाडीने आली तेव्हा मोजायला मी होतो."

"मोजायला तू होतास, दादा, पण रचायला मी होतो. अठराशे!"

यावर पाच-सात मिनिटे वाद चालला. आवाज चढले. मामी आत जाऊन चहा टाकून आली तरी आकडा ठरेना. शेवटी वैशाखात दोघांनीही लोधिवलीला यायचे आणि उतरवताना एकेक कौल मोजून घ्यायचे, असे ठरले आहे. दोघांसाठी खुर्च्या मात्र मलाच न्यायच्या आहेत.